इंटरकूलरला घातलेले मीठ

माझा संताप अनाठायी होता का, तुम्हीच ठरवा. आमच्या नगरच्या कारखान्यात सागरी बोटींच्या इंजिनासाठी सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, घडत होता आणि त्याची चाचणी माझ्याकडे होती. त्याची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर समुद्राच्याच पाण्यावर चालायचा, म्हणून चाचणीच्या टाकीत मी मीठ कालवायला लावले. काही आठवड्यांत नळ्या गंजून पाझरू लागल्या. समुद्रात हेच पाणी इंजिनात शिरले असते.

व्यवस्थापक शिंदे माझ्यावरच उखडले. "टँकरचं गोडं पाणी असताना मीठ कशाला टाकलंत, साहेब? चांगला माल नासवलात."

"शिंदे, बोट समुद्रात जायची आहे."

"ते गिऱ्हाईक बघंल."

"नळ्या बदलल्याखेरीज माल पास केल्याची सही मी करणार नाही."

दुसऱ्या दिवशी इंटरकूलरच्या प्रत्येक खोक्यावर नवी चिठ्ठी होती: खाऱ्या पाण्यापासून दूर ठेवावे.