समोरच्या कठड्यावर

वहिनी: पडदा उघडा की ताई. खाली तुमचा पक्षी बघणारा सगळा गट येऊन उभा राहिलाय.

ताई: राहू दे. विचारलं तर सांग, नणंदेला ताप आलाय.

वहिनी: मी खोटं बोलणार नाही. नणंदेसाठी तर मुळीच नाही.

ताई: मग खरं सांग. म्हणावं, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणारी बाई प्लास्टिकच्या बाहुल्याला ससाणा म्हणाली, ती तोंड लपवून बसलीय.

वहिनी: होतं हो असं. समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी कबुतरं हाकलायला तो गच्चीच्या कठड्यावर आणून बसवला, ते तुम्हाला कुठे माहीत होतं?

ताई: अगं, गटातल्या एकाने विचारलंसुद्धा, "हा हलत का नाही?" आणि मी काय म्हणाले? ससाणा तासन्‌तास असाच बसतो, हीच त्याची खूण! तेवढ्यात तिथला वॉचमन वर आला. ससाण्याला बगलेत मारलं, फडक्याने पुसलं आणि परत कठड्यावर ठेवून दिलं. हसू नकोस.

वहिनी: हसत नाही. ठसका लागला.

ताई: सगळे हसले. आणि हसले त्याचं काही नाही गं. नंतर सगळे गप्प झाले ना, ते लागलं. आता मी कावळा दाखवला तरी म्हणतील, आधी पुसून बघा. आजपासून बंद. गट चालवू दे दुसऱ्या कुणाला. ती दुर्बीणही तू ठेव.

वहिनी: मी काय करू तिचं? शिलाई मशीनवर बसून लोकांच्या दोऱ्या बघू? दुसऱ्यांनी काय वाळत घातलंय ते मला दुर्बिणीशिवायही दिसतं, हा पडदा जरा सरकवला की झालं... अगंबाई!

ताई: काय झालं?

वहिनी: काही नाही. त्या बाहुल्याच्या डोक्यावर रोज कबुतरांची बैठक असते ना, आज एकही नाही. अख्खी गच्ची मोकळी. आणि त्याच्या डोक्यावर भलतंच कुणीतरी बसलंय.

ताई: मला सांगू नकोस. मी सोडलंय ते सगळं.

वहिनी: बरं, नाही सांगत.

ताई: केवढं आहे?

वहिनी: कबुतराएवढंच.

ताई: मग घार नाही. घार खूप मोठी. पाठ कसली?

वहिनी: राखाडी. शाळेच्या पँटचं कापड असतं ना, तसली. आणि पुढून पांढऱ्यावर आडव्या रेघा. तांबूस. फार बारीक आहेत हो, एवढं नाजूक काम मला कुणी सांगितलं तर दुप्पट शिलाई घेईन.

ताई: शेपटीवर पट्टे?

वहिनी: आहेत. रुंद. शिक्रा ना? तुम्ही नेहमी म्हणता तो? सांगू का खाली हाक मारून?

ताई: खबरदार! खिडकीतून बाजूला हो. पावशाही असू शकतो.

वहिनी: हा आणखी कोण?

ताई: कोकिळेच्या कुळातला. अंगावर अगदी शिक्र्यासारखेच कपडे. भलेभले फसतात. आणि मी तर... तू असं कर, कपडे सोडून दे, हातपाय बघ. पाय कसे आहेत?

वहिनी: उंच. पिवळे. बोटं लांबलचक, बाहुल्याचं टक्कल घट्ट पकडून बसलाय.

ताई: पावशाचे पाय आखूड असतात. चोच?

वहिनी: ब्लाउजच्या हुकासारखी. टोकाला वळलेली.

ताई: बसलाय कसा? आडवा, पंख सैल सोडून?

वहिनी: छे, ताठ. तुमचे भाऊ फोटो काढताना पोट आत घेतात, तसा. ताई, एक विचारू? तुम्ही भिंतीकडे तोंड करून हे सगळं विचारताय. मान दुखत नाही?

ताई: वहिनी, परत चुकले तर?

वहिनी: तर परत चुकाल. मी एकदा लग्नातल्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या होत्या. नवरा मुलगा हात वर करून उभा, आणि त्याची आई माझ्याकडे बघतेय. दुसऱ्या दिवशी मशीनकडे बघवतही नव्हतं. पण बसले. मला दुसरं काही आवडतच नाही, काय करू? तुम्हाला आवडतं का दुसरं काही?

ताई: ...नाही.

वहिनी: मग या इकडे.

ताई: सरक जरा. दे ती दुर्बीण. कुठे... हां.

वहिनी: आहे ना?

ताई: शू.

वहिनी: जिवंत आहे ना, एवढं तरी सांगा!

ताई: डोळा लाल आहे गं. केवढा लाल! मान वळवली... आपल्याकडेच बघतोय. इतकी वर्षं आभाळात शोधते मी याला, आणि हा माझ्या दारासमोर. मी पडदा लावून बसले होते.

वहिनी: तो उडायच्या आत खालच्यांना सांगा.

ताई: फोन आण. नंबर लाव. ...हॅलो. हो, मीच, प्लास्टिकला ससाणा म्हणणारी. नाही, ताप-बिप काही नाही. सगळे वर या, हळू या, जिन्यात बोलू नका. काय आहे ते मी आधी सांगणार नाही. तुम्ही बघा, मग आपण मिळून ठरवू.