चौथ्या कोपऱ्याचा रंग

—नाही असलमभाई, कापूस नाही, लोकर आहे ही, मेंढीची. हातात घ्या ना, चावत नाही. कापूस असता तर पारोळ्याहून धुळ्याला कशाला आलो असतो, कापूस तर आमच्या गल्लीत उडतो. हा रंगीत पुंजका आहे ना, हा नमुना. आणि ही पांढरी, हिला हा रंग द्यायचा. एवढंच काम. मूठभर आहे, ठाऊक आहे मला, एवढ्याशासाठी मोठं भांडं तापवायला नाही सांगत — ते कडेचं पातेलं आहे ना, त्यात जमलं तर बघा. रंग कसला म्हणता? त्याला नाव असतं तर इथवर आलो नसतो. केळीचं वाळकं पान पाटाच्या पाण्यात पडून भिजलं की कसं दिसतं — पिवळं म्हणवत नाही, तपकिरी म्हणवत नाही — तसला. भागाबाईनं काढलेला आहे. भागाबाई म्हणजे आमची मंडळी.

तिला कुणी शिकवलं? कुणी नाही हो, मोबाइलनं शिकवलं. अंगणवाडीतून मोकळी झाली, हात रिकामे, आणि कुठल्या तरी डोंगरातल्या बाया साबणाच्या पाण्यात लोकर लाटून आसनं करतात ते बघत बसली. मग शेतं मोकळी झाल्यावर ठेलारी येतात ना मेंढ्या घेऊन, त्यांच्याकडून पोतंभर लोकर आणली. असा वास — मी दोन दिवस ओट्यावर जेवलो. म्हटलं, अगं खानदेशात राहून मेंढीचे केस कशाला, तर म्हणे, तुम्हले काय समजस त्यामा? खरंच नव्हतं समजत. काटेगोखरू वेचायची, धुवायची, विंचरायची, संध्याकाळी टीव्हीपुढे टकळीवर सूत काढायची — पहिलं सूत म्हणजे सुतळीच, म्हैस बांधली असती तरी तुटलं नसतं. गल्लीतल्या बायांनी तिचं नाव मेंढीबाई पाडलं. तिला आवडायचं ते. कुणी हाक मारली की बें करून ओ द्यायची, या वयात.

टाका टाका, तुमचं तुम्ही करा, मी बोलतो म्हणून थांबू नका. ते काय, व्हिनेगर? बरं.

आसन कसं होतं सांगू? चटईवर लोकरीचे थर मांडायचे, एक उभा, एक आडवा, वरून रंगीत लोकरीची वेल काढायची, आणि मग गरम साबणाचं पाणी शिंपडून चटईची गुंडाळी करून लाटायची. लाटायचं काम माझं. पायांनी. दाराची चौकट धरून मी गुंडाळी पायाखाली मागेपुढे करायचो आणि ती खाली बसून, जोर द्या, नाचू नका, असं म्हणायची. एकदा ती लोकर एक झाली ना असलमभाई, की मग कुणी कितीही ओढा, केस सुटा होत नाही. पण पाणी पडेपर्यंत काही नाही. नुसता कापूस पिंजून ठेवल्यासारखं. एक शिंक आली तरी विस्कटेल.

तर तिचं शेवटचं आसन तसंच आहे, कोरडं. तीन कोपऱ्यांवर वेल झाली, चौथ्यासाठी हा रंग कमी पडला, रंग घालते म्हणून उठली आणि चुलीपाशी पोचली नाही. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. ते आसन पडवीत चटईवर तसंच मांडलेलं आहे, वर तिची साडी झाकली आहे. आम्ही तिथला पंखा लावत नाही. आता या उन्हाळ्यात सुद्धा नाही. राजकुंवरभाभी, शेजारच्या, आत्ता तिच्याजवळ बसल्या आहेत, त्या म्हणतात, आबा, एवढ्या उकाड्यात पडवीत बसायचं तरी कसं. मग नका बसू म्हटलं पडवीत.

चौथा कोपरा भरायचा, पाणी घालायचं, मी लाटीन — एवढंच राहिलंय. पण तिनं रंग कशातून काढला ते मला माहीत नाही. विचारलंच नाही कधी. मी आपला पायाचा माणूस. मग एकेक करून बघतोय. डाळिंबाच्या साली उकळल्या, कांद्याच्या साली, पळसाची फुलं, बाभळीची साल, तुरटी कमी, तुरटी जास्त, गंजके खिळे टाकून पाहिले. पहिल्या वेळी तर वरण ढवळावं तसं पळीनं ढवळत बसलो — लोकर पातेल्यातच एक झाली, हा एवढा गोळा. तो सुद्धा नेऊन दाखवला तिला. तोंडाची डावी बाजू अशी जराशी हलली. हसलीच ती. मी तरी हसली असंच धरलं.

दर वेळी नेऊन दाखवतो. खाटेपाशी बसतो, पुंजका पुढे धरतो, हाच का गं? ती बघते, नीट बघते, आणि मान हलवते. नाही. बरं, नाही तर नाही, उद्या दुसरं काही करू. तिची पारख फार बारीक आहे हो. सगळं समजतं तिला. त्या डॉक्टरीणबाई काही म्हणोत.

काय म्हणणार त्या. पोरगीच आहे, चांगली आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, आबा, त्यांचं हो आणि नाही आता एकाच मानेत अडकलंय, त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाहीच, असं धरू नका. मी म्हटलं, बाई, तुम्ही तिला ओळखत नाही. आता पाणी हवं का विचारलं की नाही म्हणते आणि पेला ओठाला लावला की घटाघटा पिते, हे खरं आहे. पण ते पाण्याचं झालं. आधीही ती कुठे मागून पाणी प्यायची. मी कोण, ओळखतेस का, हे एकदा विचारलं. तेव्हाही — जाऊ द्या, माणूस आजारात रागावतोही. रंगाचं वेगळं आहे. रंग तिचा आहे.

उकळी आली वाटतं. तुम्ही ढवळत नाही, नुसतं दाबता. हां. असंच करायला हवं होतं.

एकदा मी काय केलं — हा तिचाच पुंजका, हा नमुन्याचा, तिच्यापुढे धरला. चुकून. म्हणजे चुकून नाही, मुद्दामच. बघू तरी म्हटलं. हाच का गं? बघितलं तिनं. नीट बघितलं. आणि... संध्याकाळ होती असलमभाई, उजेड कमी होता. दिव्याच्या उजेडात रंग बदलतो, तुम्हाला मी काय सांगावं. म्हणून तर म्हटलं, जाणत्या माणसाकडून करून घ्यावा आणि दिवसाउजेडी दाखवावा.

झाला? एवढ्यात? ओला आहे म्हणून गडद दिसत असेल. वाळू द्या. हां, धरा तिथे इस्त्रीपाशी. थोडा लालसर नाही वाटत तुम्हाला? नाही? दारात येऊन बघू या, उन्हात. द्या इकडे दोन्ही... यातला माझा कुठला आणि तिचा कुठला? थांबा, सांगू नका. हा तिचा, याला जरा वास आहे.

अगदी तोच आहे. केसाचा फरक नाही. तुमचा हात मोठा.

नको, बांधू नका. राहू द्या तुमच्याकडेच. तसं नाही, तुमचं काहीच चुकलं नाही. पण हा घरी नेला, खिडकीपाशी उन्हात धरला आणि तिनं मान हलवली, तर मग उद्या सकाळी उठून मी काय उकळू? हिरडा बघायचा राहिलाय माझा अजून. आवळ्याची पानंही राहिलीत. नमुना तेवढा द्या माझा.

त्या बाई केव्हाच्या उभ्या आहेत ओढणी घेऊन. त्यांचं बघा आधी.