हरेश्वररावांचं गरम पाणी

सभेचे अध्यक्ष रावसाहेब गुणाजीराव सुर्वे, त्यांच्या उजव्या हाताला विराजमान झालेले रेल्वे कारखान्याचे मोठे साहेब, साहेबांच्या कानाशी बसून माझ्या मराठीचं इंग्रजी करण्याची कामगिरी पत्करलेले हेडक्लार्क शरच्चंद्र विजयकर, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत हरेश्वरराव चुरी, परळ, लालबाग, दादर आणि गिरगाव इथून आलेले सर्व सद्गृहस्थ, आणि चिकाच्या पडद्याआड बसून आम्हा पुरुषांपेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकणाऱ्या भगिनींनो,

मी रेल्वेचा नोकर नाही. गिरगावात एक लहानसं साप्ताहिक चालवतो आणि ते कसंबसं चालतं. या समारंभात बोलायला मला का उभं केलं, याचा मी ट्राममधून येताना विचार केला. परळ येईपर्यंत उत्तर सापडलं. या सभागृहात नोकरी जाण्याची भीती नसलेला मी एकटाच माणूस आहे. तेव्हा त्या सोयीचा मी पुरेपूर उपयोग करणार आहे, त्याबद्दल अध्यक्षांनी आधीच मनाची तयारी करावी.

आताच मानपत्र वाचून झालं. सुंदर होतं. 'मितभाषी, शांत आणि संतोषी वृत्तीचे हरेश्वरराव' असं त्यात म्हटलं आहे. मला क्षणभर वाटलं, आपण भलत्याच माणसाला शाल पांघरली. मितभाषी? हरेश्वरराव? अहो, माझ्या भाचीच्या लग्नात हा गृहस्थ मांडवातून उठून मुदपाकखान्यात गेला आणि आचाऱ्याला म्हणाला, "भाताची वाफ अशी वर सोडतोस, त्यावर वरणाचं पाणी का ठेवत नाहीस?" आचारी पळी घेऊन अंगावर आला. मंगलाष्टकं थांबली. वधूचा मामा म्हणून मी मध्ये पडलो, तर हे मला म्हणतात, "तूच सांग, वाफ फुकट जाते की नाही?"

अशा एका माणसाशी माझी पंचवीस वर्षांची मैत्री आहे. माझी सहनशक्ती आपल्या ध्यानात येईल.

कारखान्यात नकाशे काढणाऱ्या या माणसाच्या डोक्यात आठ वर्षांपूर्वी, राणीच्या ज्युबिलीच्या साली, एक कल्पना शिरली आणि ती पुन्हा बाहेर पडली नाही. मला ती इतक्या वेळा ऐकवली गेली आहे की मी झोपेतही सांगू शकेन. इंजिनात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, ती दट्ट्या ढकलते, चाकं फिरतात. काम झालं की तीच वाफ 'छक्' करून चिमणीतून निघून जाते. जाताना ती चांगली कढत असते. आणि त्याच वेळी दुसरीकडून बॉयलरमध्ये काय शिरतं? टाकीतलं थंडगार पाणी! म्हणजे पुढच्या दारानं ऊब हाकलायची आणि मागच्या दारानं गारठा घरात घ्यायचा, वर त्या गारठ्याला तापवायला विलायतेहून बोटीनं कोळसा आणायचा. हरेश्वररावांचं म्हणणं एवढंच, की भट्टीला फुंकर घालण्यापुरती वाफ चिमणीत जाऊ द्या, उरलेली एका पेटीतल्या तांब्याच्या नळ्यांतून फिरवा, आणि बॉयलरचं पाणी त्या नळ्यांना शिवून आत जाऊ द्या. पाणी आयतं तापेल, कोळसा वाचेल.

यात न समजण्यासारखं काय आहे? चिकाच्या आड ज्या बसल्या आहेत त्यांना तर हे पहिल्या वाक्यातच समजलं असेल. पण कारखान्यात हे समजायला किती वर्षं लागावीत! एक साहेब म्हणाले, हल्ली बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं जे पितळी यंत्र आहे, ते गरम पाणी घेतच नाही. हे खरं होतं. हरेश्वरराव म्हणाले, मग जुना पंप बसवा. साहेब म्हणाले, जुना पंप म्हणजे मागे जाणं. दुसरे साहेब आले, ते म्हणाले, विलायतेत असं करतात का? हरेश्वररावांनी सांगितलं, काही ठिकाणी करून पाहिलंय. तर साहेब म्हणाले, मग त्यांना आधी पुरं करू द्या. तिसरे साहेब आजारी पडून घरी गेले.

अखेर आज व्यासपीठावर आहेत त्या साहेबांनी परवानगी दिली. हे मी मुद्दाम सांगतो, शरच्चंद्र, हे नीट भाषांतर करा. मघापासून मी चार वाक्यं बोललो की तुम्ही अर्धं सांगता आणि साहेब गोड हसतात. मला ते हसणं काळजीचं वाटू लागलं आहे.

तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या एका म्हाताऱ्या इंजिनाला ही पेटी बसली. संक्रांतीपर्यंत चाचणी. पाणी किती लागतं, कोळसा किती लागतो, याची रोज मोजदाद. हरेश्वररावांनी त्या दिवसांत दाढी केली नाही. अंबिकावहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, लग्नाच्या वेळी हे इतके खूश नव्हते हो."

आणि निकाल काय लागला? आपणा सर्वांना ठाऊक आहे. पेटी बसवल्यापासून इंजिनाला पाणी कमी नव्हे, जास्त लागलं. कोळसा जास्त लागला. शेरा पडला की ही युक्ती निरुपयोगी आहे. आणि येत्या सोमवारी ती पेटी इंजिनावरून उतरवून, तोडून, तिचं तांबं भट्टीत घालणार आहेत. हरेश्वरराव तीस वर्षांच्या नोकरीतून आज मोकळे होतात ते कर्तव्यदक्ष, संतोषी आणि चुकलेले म्हणून.

आता मी आपल्याला विचारतो. ते जास्तीचं पाणी गेलं कुठं?

कोणी खोकतं आहे, कोणी पगडी सावरतं आहे. मला वाटलंच होतं.

पेटीच्या बुडाला एक तोटी होती, गाळ काढून टाकण्यासाठी. इंजिन डबे ढकलत फाटकापाशी येऊन थांबायचं. फाटकाजवळ पुतळाबाई मासळी घेऊन बसतात. त्या तिकडे दाराशी उभ्या आहेत त्याच पुतळाबाई. चिकाच्या आड बसायला त्यांनी साफ नकार दिला, "मना काय कोंबडी समजलाव?" म्हणाल्या. थंडीचे दिवस, बर्फात घातलेली मासळी, आणि समोर हे इंजिन उभं. पुढचं संभाषण मला इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्या दगडू आगवाल्यानं जसंच्या तसं सांगितलं.

"दगड्या, कवाचं बघतंय, त्या पेटीशी धूर निंगतंय. पानी गरम हाय का रं?"

"मावशी, ते कंपनीचं पाणी आहे."

"कंपनीचं? कंपनी काय न्हाते?"

सद्गृहस्थहो, मी आयुष्यभर अग्रलेख लिहिले, पण सरकारला असा बिनतोड प्रश्न मला कधी सुचला नाही. दगडूनं तोटी सोडली. पुतळाबाईंनी हात पुढे केले आणि "आई गं" म्हणून मागे घेतले, इतकं ते कढत होतं!

ती बातमी लालबागपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी फाटकाशी कळश्या आल्या. तिसऱ्या दिवशी हंडे. नरकचतुर्दशीच्या पहाटे तर इंजिनापुढे अशी रांग लागली की ड्रायव्हरला वाटलं, आज इंजिनाची पूजा आहे. उटणं लावलेली माणसं रुळांवर उभी! एकानं तर इंजिनाकडेच पाहून हात जोडले. पेटी रिकामी झाली की पंप तिच्यात पुन्हा पाणी भरायचा, वाफ ते पुन्हा तापवायची, आणि पुढच्या खेपेला फाटकाशी पुन्हा 'दगडूदादा, एवढी एक कळशी.' दिवाळी संपली, पण लोकांची आंघोळ संपली नाही. आमचा हिंदू धर्म कार्तिकात गार पाण्यानं स्नान सांगतो, हे त्या महिन्यात परळमध्ये कोणालाही आठवलं नाही.

रावसाहेब, आपण असे छताकडे का पाहता? आपले गुडघे यंदा थंडीत दुखले नाहीत, असं आपणच मघाशी चहाच्या वेळी सांगत होता. शेकायला पाणी कुठून येत होतं? मी कोणाचं नाव घेत नाही. मी फक्त समोरच्या रांगांकडे पाहतो आहे, आणि समोरच्या रांगा आपापल्या पायांकडे पाहताहेत. मी स्वतः निर्दोष आहे, पण त्याचं श्रेय मला नको. परळहून गिरगावात नेईपर्यंत पाणी निवतं, एवढंच.

मला हे सगळं कळलं तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, शेरा पडून गेला होता. मी तसाच हरेश्वररावांच्या घरी गेलो. हे ओटीवर बसून वहिनींच्या चुलीला कसली तरी नळी लावत होते.

मी म्हटलं, "अरे, तुझ्या पेटीचं पाणी सगळं परळ पळवत होतं!"

म्हणाले, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? मग साहेबांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? दगडूनं तोटी सोडली म्हणून? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील त्याला. त्याची लेक सुभद्रा बाळंतपणाला आलीय."

"मग निदान तोटीला कुलूप घालायचं होतंस!"

तेव्हा हे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच मूर्ख. म्हणाले, "कुलूप कशाला? लोक पाणी नेत होते म्हणजे पाणी तापत होतं. पुतळाबाईनं हात मागे घेतला, ऐकलंस ना? पेटी चालते रे."

वहिनी आतून म्हणाल्या, "ऐकलंत भाऊजी? असं हे रोज चाललंय. घरात भांडायलासुद्धा सोय नाही."

काय करावं अशा माणसाचं? ज्याच्या डोळ्यांना चिमणीतून जाणारी वाफ सोसवत नाही, त्यानं आपली आठ वर्षं डोळ्यांदेखत वाहून जाऊ दिली, आणि वर समाधान काय, तर पाणी चांगलं कढत होतं! माझा राग मानपत्राच्या कुठल्याच विशेषणात मावत नाही. आणि आपण, परळकरहो? ज्याचं गरम पाणी आपण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत अंगावर ओतलं, त्याला आज निरोपाची भेट म्हणून आपण काय दिलंत? टेबलावर ठेवली आहे ती वस्तू सर्वांना दिसते आहे. तांब्याचा बंब! पाणी तापवायचा बंब! कमिटीतल्या एकाही माणसाला हे देताना काहीच वाटलं नाही? बंब हाती देताच सत्कारमूर्ती काय म्हणाले, ते पहिल्या रांगेनं ऐकलं असेल. आभार नाही मानले. म्हणाले, "याची ऊब नळकांड्यातून वर फुकट जाते की!"

असो. मला एकच गोष्ट करायची आहे आणि मग मी बसणार आहे. शरच्चंद्र, आता माझं प्रत्येक वाक्य पूर्ण सांगा. साहेबांना विचारा, आणि सभेलाही मी तेच विचारतो आहे. हरेश्वरराव चुरी यांच्या बुद्धीचा ज्यांना ज्यांना प्रत्यक्ष लाभ झाला, त्यांनी कृपा करून हात वर करावेत.

पहिला हात पुतळाबाईंचा. दोन्ही नकोत बाई, एक पुरे. दगडू, तू हात खाली घेऊ नकोस, आता तू एकटा नाहीस. तिकडे खांबाआडून एक. ही पूर्ण चौथी रांग. चिकाच्या वर बांगड्या दिसताहेत, त्याही धरतो. रावसाहेब... आभारी आहे, गुडघ्यांना आराम पडो.

आणि साहेबांनीही हात वर केला! पाहा, किती उमद्या मनाचा माणूस आहे. त्यांना वाटलं असेल, नोकराच्या बुद्धीचा लाभ कंपनीला झाला, तेव्हा हात वर करणं हे सौजन्य. पण साहेब, आपण तो अगदी योग्यच वर केलात. शरच्चंद्र, सांगा त्यांना. चाचरू नका, सांगा. बंगल्यावरचा बटलर रोज पहाटे दोन हंडे घेऊन फाटकाशी यायचा आणि "साहेबाचा हुकूम" म्हणून सगळ्यांच्या पुढे घुसायचा. साहेबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. यंदाच्या थंडीत आंघोळीचं पाणी वेळेवर आणि चांगलं कढत मिळतंय, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्यांनी बटलरला शाबासकीही दिली होती.

आता या सभेत चोर कोणाला म्हणायचं आणि घरी कोणाला बसवायचं, याचा निकाल साहेबांनीच लावावा. मात्र पेटी चालत नाही असं म्हणणारा एकही कोरडा माणूस इथं उरलेला नाही. ती सोमवारी मोडू नका. तोटीला कुलूप घाला, किल्ली साहेबांनी स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि मग पुन्हा पाणी मोजा. थंड पाण्यानं आंघोळ करायला परळ तयार आहे. आहे ना? मोठ्यानं बोला. पुतळाबाई, तुम्हीही.

शरच्चंद्र साहेबांच्या कानाशी अजून बोलताहेत. साहेबांचा चेहरा लाल झाला आहे. मला इंग्रजी चेहरे वाचता येत नाहीत, तेव्हा तोवर मी आभार मानून घेतो. सभागृहाच्या मालकांचे, बत्त्या सावरणाऱ्या भय्याचे, हारवाल्याचे, आणि इतका वेळ आपल्या निंदेला टाळ्या दिल्याबद्दल आपणा सर्वांचे. माझ्या तोंडून काही अधिकउणं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्या पदरात न घालता माझ्या वयाच्या खात्यावर टाकावं ही विनंती.

थांबा. साहेब उभे राहिले. शरच्चंद्र, काय म्हणताहेत? काय? मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू द्या... साहेब विचारताहेत, आणखी थोड्या नळ्या घातल्या तर पाणी याहून गरम होईल का?

हरेश्वरराव! अहो हरेश्वरराव! त्या बंबातून डोकं बाहेर काढा. साहेब तुमच्याशी बोलताहेत.