अठरा मार्चची धास्ती

आजच्या चाचणीत, परीक्षकांना वादक दिसू नये म्हणून लावलेल्या पडद्याआडून नीट वाजवलं, की आनेलीजला ऑपेराच्या वाद्यवृंदात जन्माची खुर्ची मिळणार होती. व्हिएन्नाच्या ट्राममध्ये ती माझ्या पुढेच होती, मांडीवर व्हायोलिन घेऊन. शेजारी दांडी धरून निवृत्त वादक ग्रूबरकाका.

“आज अठरा मार्च, पोरी. याच तारखेला भर मैफलीत माझ्या गुरूंची तार तुटली.”

“काका, नका ना!”

“याच तारखेला माझा हात आखडला, तो कायमचाच.”

“माझी बोटं गार पडलीत हो.”

“मग उतर इथेच. पुढच्या वर्षी दे चाचणी.”

“तुमचा नातू लोटारही याच खुर्चीसाठी आज वाजवणार ना? तो नाही घाबरला?”

“त्याला मी तारखा सांगितल्या नाहीत.”

“मग मी सांगते. चाचणीआधी आम्ही एकाच खोलीत थांबणार आहोत.”

“नको गं! हळवा आहे तो!”

ऑपेराचा थांबा आला. आनेलीज उतरली. तिला अडवायला काका वळले, पण त्यांच्या आखडलेल्या हातून दांडी सुटेना.