शून्याचे बावन्न कागद

—'दर सोमवारी बाराच्या आत शून्य पाठवायचं आणि का ते विचारायचं नाही!' या दवाखान्यात लागले त्या पहिल्याच दिवशी बजावलं मला साहेब, या दोघांनीच — हे डॉक्टर ओलोर्तेगी आणि या नर्सबाई, दोन्या सोराइदा — नाही, बसा ना, त्यांच्यासमोरच सांगते. तापाचे रुग्ण किती? शून्य. मोजले कसे? मोजलेच नाहीत! जानेवारीतच वर्षाचे बावन्न कागद डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी तयार असतात, मी फक्त आठवडा लिहून, मोजणाऱ्याची सही करून फोनवरून फोटो धाडायचा. एकदा चुकून पुढच्या आठवड्याचाही गेला — न उजाडलेल्या आठवड्याचा! तर राजधानीतून उत्तर काय? 'तत्परतेबद्दल अभिनंदन!' आणि आज तुम्ही राजधानीहून दोन दिवस बोटीत बसून ही पितळी पाटी घेऊन आलात — तीन वर्षं एकही आठवडा न चुकवल्याबद्दल. छान आहे. जडही आहे.

डॉक्टर, खाकरू नका. मार्चमध्ये तुम्ही तीन चादरी घेऊन कुडकुडत होतात, तेव्हाही शून्यच गेलं — हसता काय साहेब? त्याच आठवड्यात शेजारच्या एदिताची मुलगी तापानं गेली. चार वर्षांची. तेव्हाही शून्य. कोणी पाठवलं? — मी. माझीच सही. हे बोलायचं नव्हतं मला... निघालं तोंडातून.

तर या आठवड्यात एकोणीस आहेत. घरोघर जाऊन मोजलेत — ताप, पुरळ, डोळे लालभडक. आणि रविवारी सान हुआनची जत्रा, सहा गावांच्या बोटी लागणार इथे. दोन्या सोराइदा म्हणतात, 'जत्रा होऊ दे गं, महापौर चिडतील, तू कालची पोर.' कालची आहे, म्हणून तर अजून मोजता येतं मला! लॅबचं उगाच शिकले का मी? सगळ्यांचं रक्त काढलंय, नळ्या तयार आहेत, राजधानीच्या लॅबपर्यंत गार ठेवायला बर्फ तेवढा नाही. गावात बर्फ कुठे? तुमच्या पेटीत, साहेब. महापौरांनी भेट दिलेल्या माशाखाली.

काय? पाटीसोबत या आठवड्याचा कागदही हवा, शून्याचा, माझ्या सहीचा? नाही करणार. डॉक्टर, सांगा ना मला, कर सही म्हणून. दोन्या सोराइदा, तुम्ही सांगा. का हो? एरवी तर मला वाक्य पुरं करू देत नाही...

बघितलंत? मासा काढा, साहेब. नळ्या मी रचते. बोट दुपारचीच आहे ना तुमची? मग उठा.