बाबांच्या गाडीचा खोटा काटा

आमच्या बाबांच्या जुन्या गाडीचं ऐका. बाबा निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी तळेगावहून तुंगार्लीला आत्याकडे जाताना अंधार पडला, की इंजिनाच्या तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात जायचा. बाबा घाबरून गाडी कडेला घ्यायचे. मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ करून घेतला, तरी तेच. शेवटी चिडून म्हणालो, "बाबा, तुम्ही गिअरच चुकीचे टाकता. वय झालं आता, विकून टाकू गाडी."

त्या दिवसापासून बाबांनी गाडी चालवणं सोडलं.

विकण्याआधी एकदा दाखवावी म्हणून आम्ही दोघं नवलाख उंबरे गावातल्या गौतमभाऊंकडे गेलो. ते जुने मेकॅनिक. त्यांनी गाडी बराच वेळ चालू ठेवली आणि तापमान मोजायची गन इंजिनावर धरली.

"पंच्याऐंशी. इंजिन बरोबर हाय."

मग त्यांनी हेडलाइट लावले. काटा टुणकन लाल पट्ट्यात!

"डॅशबोर्डमागं अर्थिंगची वायर गंजलीय. दिवं लावलं की काटा खोटं सांगतोय."

त्यांनी वायर घासून पुन्हा घट्ट बसवली. काटा मधोमध येऊन थांबला.

बाबांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझं चालवणं चुकत नव्हतं?"

"न्हाई वो गुरुजी. तुमचं काय बी चुकलं नव्हतं."

मला मान वर करवेना. "बाबा, माझं चुकलं," म्हणालो आणि मुकाट्यानं शेजारच्या सीटवर जाऊन बसलो.

"दार नीट लाव," बाबा म्हणाले आणि त्यांनी गाडी काढली.