तिसरा पदर

अमेरिकेत नाउवू या मॉर्मन पंथाच्या जुन्या गावी पूर्वीच्या पद्धतीनं दोर वळून दाखवतात, त्या घराबाहेरच्या रांगेत, सहलीला आलेल्या वर्लाच्या पुढे एक तरुण जोडपं उभं होतं.

"तिसऱ्यांदा तोच दोर बघायचा, डॅरल?"

"मग काय करू? आयडाहोहून गाडी हाकत आईला भेटायला आलो, तर तिची इथली पंथाची सेवा संपतच नाही. आई म्हटलं की म्हणते, छातीवर सेविकेची पाटी असताना सिस्टर म्हण. जन्मदात्या आईला सिस्टर."

"काल जेवताना सांगायचं होतंस."

"जेवताना तिनं बैलगाडीचा इतिहास सांगितला, केलीन. मला कुठं तोंड उघडू दिलं?"

दार उघडलं. घोळदार झग्यातली म्हातारी ठरलेलं हसली.

"या, या. कुठून आलात?"

"तुझ्या पोटातून."

"ब्रदर, मागे लोक खोळंबलेत. दोराला तीन पदर असतात, धरायला तीन माणसं लागतात. तुम्ही किती जण?"

"तिघं."

"मला तर दोघंच दिसताहेत. तिसऱ्याला बाहेर कशाला ठेवलंत? बोलवा लवकर."

"बोलावलंय, आई. नाताळच्या आसपास येईल."

मागच्या रांगेला त्या दुपारी दोर काही बघायला मिळाला नाही.